पांढऱ्या चादरीवरचा ब्रेक

लिफ्टमध्ये आरशाशेजारी एक सूचना लागली होती. हिंदीत, टाइप केलेली, खाली सोसायटीच्या सचिवांची सही. ‘पार्किंग में गाड़ी खोलकर गंदगी करना मना है।’ नाव कुणाचंच नव्हतं आणि नावाची गरजही नव्हती. रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या त्या इमारतीत स्वतःच्या हातानं गाडी उघडणारं घर एकच होतं. बाकीच्यांच्या गाड्या शोरूमला जात आणि धुऊन-पुसून, आत सुगंधी पुठ्ठा लटकवून परत येत.

तिसऱ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत मी ती सूचना चार वेळा वाचली. खाली उतरले तर समोर सचिवांची स्वतःची कार उभी होती आणि तिच्या पोटाखाली पोळीएवढा तेलाचा डाग होता. तो डाग दिवाळीपासून तिथं होता आणि अंगानं भरत चालला होता. त्याला मात्र कुणी गंदगी म्हणत नव्हतं. मी एकदा दाखवला होता, तेव्हा सचिव म्हणाले होते, “थोड़ा लीकेज है, दीदी.”

आमची गाडी म्हणजे बाबांची मोटरसायकल. माझ्याहून वयानं मोठी. एका सिलिंडरची, सगळी लोखंडाची, गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. आजची मुलं बसली तर थांबायच्या जागी गिअर टाकतील. बाबांनी ती रेल्वेतल्या एका निवृत्त होणाऱ्या साहेबांकडून घेतली होती. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिच्या टाकीवर बसून गेले होते, आणि आईला दवाखान्यात नेलं तेही तिच्यावरूनच. नंतर बरीच वर्षं ती नुसती उभी होती.

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात, त्यांच्या भाषेत शॉपमध्ये होते, ब्रेकच्या कामावर. अख्खी नोकरी मालगाडीचे ब्रेक उघडण्यात आणि बसवण्यात गेली. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, आणि सोबत सामान म्हणून दोन पेट्या आणि ही गाडी आणली. तोवर त्यांचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. पाना धरता येत नव्हता, नटावर बसण्याआधीच तो भलतीकडं जाई. मग आमचं असं ठरलं की डोकं त्यांचं आणि हात माझे. मी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते. पाळी बहुतेक दुपारची असते, म्हणून सकाळ मोकळी. रोज दहा वाजता बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून लिफ्टपाशी उभे असत. खाली प्लास्टिकच्या स्टुलावर बसून ते मला सांगत आणि मी करत असे.

तो एक तास नसला की बाबा काय करतात हे मी पाहिलेलं होतं. आले तेव्हाचे पहिले चार महिने ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. टीव्ही चालू असायचा आणि ते त्याच्याकडं पाहतही नसत. जेवलात का विचारलं तर आठवून सांगत. गाडीवरची ताडपत्री काढली त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, नट उलट्या बाजूनं फिरवला म्हणून. मला इतका आनंद झाला की मी तो नट आणखी एकदा उलटा फिरवला. म्हणून ती सूचना वाचून मी पेटले. सचिवांना वाटत होतं ते भंगार हलवायला सांगताहेत. प्रत्यक्षात ते माझ्या बाबांना परत त्या खुर्चीत बसवायला निघाले होते.

आणि दुसरी गोष्टही सांगून टाकते. आम्ही बौद्ध. आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. घाण हा शब्द आमच्या घरात तीन पिढ्या दुसऱ्यांच्या तोंडून आलेला आहे. आता तो कुणी तोंडावर म्हणत नाही, आता तो टाइप करून लिफ्टमध्ये लावतात. सचिवांच्या मनात तसं काही नसेलही. मी त्यांच्या मनात जाऊन पाहिलेलं नाही. पण ऐकू मला तेच आलं आणि माझे कान काही नवे नाहीत.

दुसऱ्या दिवशी सचिव स्वतःच पार्किंगमध्ये आले. मी खाली बसून मागच्या चाकाचा रॉड सोडवत होते. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, “दीदी, आपने नोटिस नहीं पढ़ा? और ये कबाड़ तो हटाना पड़ेगा. कमेटी में बात हो गई है.”

“ये कबाड़ नहीं है, गाड़ी है.”

“गाड़ी तो वो होती है जो चले.”

“चलती है.”

“और रुके.” एवढं बोलून ते हसले. मागे दोघे-तिघे उभे होते, तेही हसले.

मी उभी राहिले. राग आला की मी हिंदी फार छान बोलते. मी म्हणाले, “अगले इतवार को चलाकर दिखाऊँगी. गेट पर रोककर भी दिखाऊँगी. और तब तक फर्श पर तेल-ग्रीस की एक बूँद गिर जाए तो गाड़ी खुद हटा दूँगी.”

“ठीक है,” सचिव म्हणाले. “इतवार, दस बजे.”

ते गेल्यावर स्टुलावरून बाबा म्हणाले, “चालवून दाखवतो म्हटलं ते बराबर. थेंबाचं काहून बोलली वं?”

“सहज बोलली बाबा.”

“सहज नाही बोलली,” ते म्हणाले.

मग मी घरातली सगळ्यात पांढरी चादर काढली. पाहुणे आले तरच काढायची ती. ती मागच्या चाकाखाली अंथरली आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. मनात म्हटलं, या आता, बघा. जुन्या गाडीचा ब्रेक पांढऱ्या चादरीवर उघडणारी बाई या रायपुरात दुसरी कुणी असेल तर मला भेटवा.

ब्रेकचं काम घाणेरडं असतं असं लोक समजतात, कारण लोकांनी ते घाणेरडं करणारीच माणसं पाहिलेली असतात. चाक काढलं, त्यातला वाटीसारखा ड्रम उघडला की आत वर्षानुवर्षांची काळी भुकटी साचलेली असते. ब्रेकचे दोन शू असतात, अर्धगोल, त्यांच्यावर लायनर चिकटवलेला असतो. तो झिजून झिजून ही भुकटी होते. रस्त्यावरचा मिस्त्री काय करतो, तर तोंडानं जोरात फुंकर मारतो, नाहीतर हवेचा पाइप लावतो. भुकटी चारी दिशांना उडते, थोडी त्याच्या नाकात जाते, उरलेली तुमच्या.

बाबा फुंकर मारू देत नसत. “जुन्या लायनरमंधी काय काय असते तुले माहीत नाही,” ते म्हणत. “आमच्या शॉपमंधी हवेच्या पाइपानं उडवत. उडवणारे सारे खोकत खोकत गेले.” म्हणून आमच्याकडं ओलं फडकं. आधी ड्रमवर पाणी शिंपडायचं, मग ओल्या फडक्यानं भुकटी टिपायची. घासायची नाही, टिपायची, आणि फडकं घडी घालून प्लास्टिकच्या थैलीत बंद करायचं. स्वयंपाकघरातून मी तीन जुनी ताटं आणली होती. एकात घाण भाग, एकात धुतलेले, एकात ग्रीस लागणारे. एका ताटाची वस्तू दुसऱ्या ताटात गेली की बाबा जीभ टाळ्याला लावून चक् करत. लॅबमध्ये माझ्या हाताखालचे लोक मला घाबरतात. इथं मी त्या एका आवाजाला घाबरत होते.

शू काढायची त्यांची एक रीत होती. दोन शूंना दोन जोरदार स्प्रिंगा ओढून धरतात. अनाडी माणूस स्क्रूड्रायव्हर घालून स्प्रिंग उचकटतो आणि मग ती शोधत पार्किंगभर रांगतो. बाबांनी सांगितलं, स्प्रिंगला हातच लावू नको. दोन्ही शू बाहेरच्या कडेनं धर आणि पुस्तक मिटतो तसे आपल्याकडं मिट. मिटले. स्प्रिंगा ढिल्या पडल्या आणि सगळं हातात आलं, आवाजसुद्धा न होता. मी एवढी खूष झाले की परत बसवून परत काढून पाहिलं.

लायनर पार संपले होते. समता कॉलनीच्या पलीकडं एक म्हातारे कारागीर अजून जुन्या शूंवर नवा लायनर चढवून देतात. त्यांनी शू हातात घेऊन फिरवून पाहिले आणि विचारलं, “किसने खोला? बहुत साफ खोला है.” मी म्हटलं, मी. तो पूर्ण दिवस मी लॅबमध्ये गाणं गुणगुणत होते.

परत येऊन नवे शू बसवायच्या आधी कॅमचं काम होतं. कॅम म्हणजे बोटाएवढा लोखंडी दांडा. ब्रेक दाबला की तो फिरतो आणि दोन्ही शूंना बाहेर ढकलतो, पाय उचलला की स्प्रिंगा त्याला परत जागेवर आणतात. तो ज्या भोकात फिरतो तिथं ग्रीस लागतं. हरभऱ्याच्या डाळीएवढं, जास्त नाही. बाबांनी सांगितलं तसं मी लावलं, शू बसवले, चाक चढवलं. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं झालं होतं. पार्किंग झाडणाऱ्या बाई दोनदा येऊन चादर बघून गेल्या होत्या. इथल्याच, छत्तीसगढी बोलणाऱ्या, माझ्याच वयाच्या. खाली वाकून त्यांनी चादरीची कड उचलली, खालची फरशी पाहिली आणि म्हणाल्या, “मोला तो एको ठन दाग नइ दिखत हे, दीदी.”

“नइ दिखत हे ना?”

“हव, नइ दिखत हे. मोर घर के चादर घलो अइसन नइ रहय.” एकही डाग नाही, त्यांच्या घरची चादरसुद्धा इतकी पांढरी नसते, असं.

शनिवारी मला सुट्टी होती, बाबा दुपारी झोपले आणि मी एकटीच खाली गेले. काही कारण नव्हतं. नुसतं बघायला. चाकाला ब्रेकची जी गोल प्लेट असते, तिच्यातून कॅमचं टोक बाहेर येतं. तिथं, त्या टोकाभोवती, ग्रीसची अगदी बारीक कड दिसत होती. मोहरीएवढी. उन्हानं जरा सैल झाली असेल. आणि मला दिसायला लागलं की उद्या दहा वाजता ती मोहरी टपकन खाली पडते आहे आणि सचिव बोट दाखवताहेत. मी तिथंच बसले. चाक परत काढलं, शू मिटून काढले, कॅम ओढून काढला आणि पेट्रोलच्या फडक्यानं तो दांडा, ते भोक, सगळं चकचकीत करून टाकलं. परत जोडलं. हातानं हळूच दाबून पाहिलं, फिरत होतं. बाबांना सांगितलं नाही. वर जाऊन चादर धुवायला टाकली आणि दुसरी, अजून पांढरी, काढून ठेवली.

रविवारी दहा वाजता लोक जमले. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त जमले, कारण सचिवांनी व्हॉट्सॲपवर टाकलं होतं. बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात स्टुलावर बसले होते. चादर अंथरलेली, फरशी कोरडी. मी चादरीवरून गाडी उतरवली, दुसऱ्या किकला ती सुरू झाली आणि त्या बंद पार्किंगमध्ये तिचा तो धडधड आवाज घुमला. दोन मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिला गिअर टाकला, खांबांमधून वळले, उतारावर चढले आणि गेटच्या अलीकडं डावा पाय पूर्ण जोर लावून दाबला.

गाडी थांबली. जागच्या जागी, पट्टीनं मोजून थांबावी तशी. मी पाय उचलला आणि वळून सचिवांकडं असं काही पाहिलं की आता आठवलं तरी लाज वाटते.

मग मी पुढं जायला क्लच सोडला आणि इंजिन घुटमळून बंद पडलं. परत किक मारली, परत बंद. खाली उतरून ढकलून पाहिलं. चाक फिरेना. पाय उचलला होता, पण ब्रेकनं सोडलंच नव्हतं. कोरडा कॅम फिरला तिथंच अडकून बसला होता आणि शूंनी ड्रम गच्च धरून ठेवला होता. मागे एक कार उभी राहिली, मग दुसरी. हॉर्न वाजायला लागले. मी हँडल धरून गाडी ओढली, सरकली ती, पण चाक न फिरता, घासत. तिच्या मागे उताराच्या फरशांवर टायरची काळी रेघ उमटत गेली. हात-दोन हात लांब, ठसठशीत.

“रुक तो गई,” सचिव म्हणाले. या वेळी सगळेच हसले.

गाडी परत जागेवर न्यायला सिक्युरिटीवाल्यानं मागचं चाक उचलून धरलं. माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते, त्यामुळं चेहरा भलताच दिसत असणार. लोक पांगले. जाताना सचिव म्हणाले, कमेटी बुधवारी फैसला करेल. मी कोपऱ्यातला ब्रश आणि साबणाचं पाणी घेतलं आणि उताराकडं निघाले, ती रेघ घासायला.

“कुठं चालली?” बाबांनी विचारलं.

“डाग काढायला.”

“राहू दे. इकडं ये. चाक खोल.”

मी खोललं. चादर अंथरायला गेले तर ते म्हणाले, नोको. उघड्या फरशीवर बसून मी कॅम काढला. काढायला हातोडीचा दांडा मारावा लागला. बाबांनी कॅम थरथरत्या हातात घेतला, दुसऱ्या हातानं तो हात धरला आणि बोटाचं पेर त्याच्यावरून फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

“ग्रीस कुठं हाये?”

“पुसलं.”

“कोण?”

“मीच. काल. तुम्ही झोपले होते तेव्हा.”

“काहून?”

ते वाट पाहत राहिले. बाबांना वाट पाहता येते, मला येत नाही.

“खाली पडलं असतं,” मी म्हटलं. “लोक म्हणाले असते.”

मला वाटलं ते चिडतील. ब्रेकच्या कामात खोटेपणा केला म्हणून त्यांनी हाताखालच्या माणसांना शॉपबाहेर उभं केल्याच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या होत्या. ते चिडले नाहीत. शर्टाच्या कॉलरला हात लावून म्हणाले, “हा शर्ट पाह्यला?”

“पाहिला.”

“मी शॉपमंधी रोज पांढरा शर्ट घालून जायचो. ब्रेकच्या कामावर. तुह्यी माय रोज धुवायची. सारे म्हणत, काय साफ काम हाये या माणसाचं. तुले बी मी हेच सांगतलं नं, का बाप पांढऱ्या शर्टात ब्रेक खोलायचा?”

सांगितलं होतं. शंभर वेळा सांगितलं होतं. माझ्या मैत्रिणींनाही सांगितलं होतं.

“काहून घालायचो ते नाही सांगतलं,” बाबा म्हणाले. “मी लागलो तवा माह्या हातच्या माठातलं पाणी दोघं जण पेत नव्हते. तोंडानं बोलत नव्हते काही. नुसते पेत नव्हते. मले वाटलं, मी इतका साफ राहीन का त्याईले बोलाले जागाच राहणार नाही. मंग काय, सारा दिवस ध्यान शर्टाकडं. एकदा शर्टाले लागन म्हणून पिनेत तेल कमी घातलं. रायपूर-दुर्गच्या मधात मालगाडीचा ब्रेक जाम झाला. चाक लाल झालं. कोणी मेलं नाही, एवढंच.”

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“मंग?”

“मंग काही नाही. चूक माह्यी होती, मी कबूल केली. शर्ट मातर घालतच राहिलो. सोडाची हिंमत नाही झाली. रिटायर झालो तरी त्याई दोघांनी पाणी नाही पेलं.” त्यांनी कॅम माझ्या हातात दिला. “मले तवा सांगणारं कोणी नव्हतं. तुले मी सांगून राहिलो. ब्रेकले काय पाह्यजे ते पाह्य. त्याईले काय पाह्यजे ते नोको पाहू.”

मला त्यांचा राग आला, खरं सांगते. इतकी वर्षं तो पांढरा शर्ट मी अभिमानानं मिरवला होता. आणि त्याच वेळी त्या दोघांचा, पाणी न पिणाऱ्यांचा, इतका राग आला की हातातला कॅम गरम वाटायला लागला. पण सगळ्यात जास्त राग माझा मला आला. सचिवांनी एक शब्द टाइप केला आणि मी स्वतःच्या बापाच्या गाडीचा ब्रेक निकामी करून टाकला. गेटच्या ऐवजी रिंग रोडवर असं झालं असतं, मागून ट्रक असता, मग चादर पांढरी राहून काय उपयोग होता?

त्यानंतरचे तीन दिवस आम्ही पुन्हा तेच काम केलं, पण चादर नव्हती. ओलं फडकं होतं, थैली होती, तीन ताटं होती, कारण ती भुकटी खरंच वाईट असते आणि लायनरला ग्रीस लागलं तर ब्रेक खरंच धरत नाही. ती स्वच्छता ब्रेकची होती, ती आम्ही एक तसूभरही सोडली नाही. कॅमला डाळीएवढं ग्रीस लावलं. बाहेर कड आली. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी तिला राहू दिलं. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. याआधी मी दर पाच मिनिटांनी हात पुसत होते, हे मला तेव्हा कळलं. बाबा गुरुवारी खाली आले ते निळ्या टी-शर्टात. माझ्या भावाच्या मुलाचा होता, छातीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं.

गुरुवारीच सकाळी अकराच्या सुमाराला, कुणालाही न बोलावता, मी गाडी काढली. उतारावर चढवली, गेटशी थांबवली. सोडली. पुढं जाऊन चौकापर्यंत गेले, सिग्नलला थांबवली, सोडली, वळून परत आले. दहा-बारा वेळा थांबवली असेल. दर वेळी ब्रेकनं धरलं आणि दर वेळी सोडलं. परत उतारावरून खाली आले, पुन्हा थांबवली आणि बाबांकडं पाहिलं. ते नुसते मान हलवत होते, हो हो हो, लहान मुलाला गणित सुटल्यावर हलवतात तशी.

चाकाला हात लावून पाहिलं, ड्रम गार होता. एकदा खात्री करायला मी प्लेटवरचा नट परत आवळत होते, तेवढ्यात सचिव आले. वरून पाहिलं असावं. त्यांच्या हातात फाइल होती.

“चल भी गई, रुक भी गई,” ते म्हणाले. आवाज चांगला होता, मी मान्य करते. “कमेटी को कोई दिक्कत नहीं. गाड़ी रख लीजिए. बस ये एक कागज़ पर साइन कर दीजिए, अंकल भी, आप भी.”

मी कागद घेतला. तीन ओळी होत्या. आम्ही पार्किंगमध्ये घाण केली होती याचं आम्हाला वाईट वाटतं, यापुढं घाण करणार नाही, केल्यास सोसायटी गाडी हटवू शकेल. त्याखाली सहीच्या दोन रेघा.

“हमने गंदगी कब की?” मी विचारलं.

“अरे दीदी, फॉर्मेलिटी है.”

“बाकी सबसे भी साइन ले रहे हैं?”

“बाकी लोग रिपेयर थोड़े करते हैं.”

आम्ही उभे होतो तिथून त्यांच्या कारखालचा डाग दिसत होता. एव्हाना तो ताटाएवढा झाला होता. मी तिकडं बोट दाखवलं नाही. आठवड्यापूर्वी दाखवलं असतं, आणि त्यांच्या डागावर भांडून माझा कसा नाही हे पटवत बसले असते. मी कागद बाबांकडं दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, कागद फडफडत होता, आणि एकेक शब्द वाचला. सचिवांनी पेनाचं टोपण काढून पेन पुढं धरला. मी बाबांच्या हाताकडं पाहत होते. आयुष्यभर या माणसानं पुढं आलेल्या प्रत्येक कागदावर सही केली होती, कारण नाही म्हणायची जागाच कुणी ठेवली नव्हती.

बाबांनी पेन घेतला नाही. कागद माझ्याकडं परत दिला आणि म्हणाले, “तुह्ये हात पुसून घे.”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी तो कागद घेतला, दोन्ही हात पुसले, आधी तळवे, मग एकेक बोट, मग नखांच्या कडा. जाड कागद होता, ग्रीस छान निघालं. सचिव पेन पुढं धरून तसेच उभे होते. एवढी छान हिंदी बोलणारी मी, त्या दिवशी मला बोलायची गरज वाटली नाही.

कागदाचा बोळा करून मी तो बाजूला टाकायला हात उचलला, तर स्टुलावरून चक् असा आवाज आला.

“खाली नोको टाकू,” बाबा म्हणाले. “थैलीत टाक.”